पत्र्याची पाटी, कॉटन ग्रीन आणि कापसातली माती

हार्बरवाला_सुधा

नमस्कार मंडळी,

दिवाळीत गावचं घर आवरताना माळ्यावर एक पत्र्याची पाटी सापडली. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि तिच्यात अक्षरं आरपार कापलेली. गंज एवढा चढलाय की काय लिहिलंय ते लागत नाही. आजोबा खानदेशात कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये त्या गाठींवर 'नंबर टाकायचे', एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढचं कोणी विचारलं नाही आणि आता सांगायला कोणी उरलं नाही. काकू आहे, पण ती नव्वदीची.

गंमत अशी की मी गेली अकरा वर्षं रोज हार्बर लाइनच्या कॉटन ग्रीन स्टेशनला उतरतो. तिथे ना कॉटन ना ग्रीन. पाटीच्या निमित्ताने थोडं वाचायला घेतलं तर १८६३ च्या एका कायद्याशी गाठ पडली: मुंबईतून विलायतेला जाणाऱ्या कापसातली भेसळ रोखायला सरकारने इन्स्पेक्टर नेमले होते म्हणे. मात्र भेसळ करायचं कोण, हे काही केल्या कळेना. व्यापारी म्हणतो शेतकरी, शेतकरी म्हणतो सावकार, गिरणीवाला म्हणतो सगळा हिंदुस्थानच लबाड.

तर दोन प्रश्न. आजोबांची पाटी या तपासणीच्या भानगडीतली असेल का? आणि कापसात माती नक्की कोण घालत होतं?

पोपटपंची

पहिला नंबर माझा. माती ठेकेदाराने घातली. आमच्या रस्त्यावरचा अनुभव आहे.

मीनल_द

वाचनखूण साठवली. सुधा, फोटो टाका की पाटीचा.

जुनी_वही

छान विषय काढलात. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कायदा १८६३ चा असला तरी रोग त्याच्या कितीतरी आधीचा. कंपनी सरकारने १८२९ सालीच कापसाच्या लबाडीवर रेग्युलेशन काढलं होतं. कागदावर शिक्षा होती, पण पकडायला माणूस नव्हता. तक्रारी चालूच राहिल्या: रुईत सरकी, पाचोळा, धूळ, पाणी, वरच्या थरात पांढरा शुभ्र माल आणि पोटात काळपट. कापूस तेव्हा मुंबईत उघड्यावर पडलेला असे. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या मैदानावर ढीगच्या ढीग. त्या मैदानाला इंग्रज 'ग्रीन' म्हणत, ते हे तुमचं ग्रीन. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला आणि १९२० च्या दशकात शिवडीला. प्रत्येक वेळी नाव सामानासकट हललं. हिरवळ मात्र फोर्टातच राहिली.

खरा भडका उडाला १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बसल्या. सगळ्यांचे डोळे मुंबईकडे. लिव्हरपूलला आपल्या मालाचा भाव दोन-तीन वर्षांत चौपट झाला. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतीलच. अशा दिवसांत शेरभर माती रुईच्या भावाने विकली जात असेल तर ती कोण टाकणार नाही?

मँचेस्टरच्या कापूसवाल्यांची एक संस्था १८५७ पासून लंडनमध्ये सरकारच्या मागे लागली होती. शेवटी बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६३ चा नववा कायदा आला. प्रेसना परवाना सक्तीचा झाला, इन्स्पेक्टरला प्रेसमध्ये आणि वखारीत शिरून गाठ उघडून पाहायचा अधिकार मिळाला, आणि या खात्याचा खर्च गाठीमागे फी लावून कापसातूनच काढायचा ठरला.

पोपटपंची

म्हणजे चोर पकडण्याचे पैसे चोरीच्या मालावर. खातं तोट्यात जायची सोयच नाही.

पऱ्हाटी

जुनीवही भाऊ, लय छान लेहलं. पण एक गोष्ट मले सांगा. शेर शेर माती टाकनारा शेतकरी तुमी पाह्यला का? आमच्या इकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करते. वावरात दही-भाताचा निवद दाखोते, मंग बाया वेचाले लागते. ज्या कापसाची पूजा केली त्याच्यात माती काहून टाकंन मानूस?

पाणी मारते काही काही जन, हे मी नाही म्हनत नाही. रातच्याले कापूस आंगनात उघडा ठेवला का दवानं जड होते. माह्या आज्यानं बी केलं असंन. पण पाचोळा तं बोंडाले आपोआप चिकटते. दुपारच्या उन्हात वेचला का पाती कुरकुरीत होते न् चुरा होऊन कापसात येते. सकाळी वेचला तं साफ येते पण वल्ला राह्यते. सकाळचा म्हनते वल्ला, दुपारचा म्हनते कचरा. मानसानं वेचाव कवा?

आडत_दुकान

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या भावना समजल्या, पण आमच्या चार पिढ्या आडतीत गेल्या आहेत. गाडीच्या तळाशी काय निघतं ते आम्ही पाहिलंय. एकदा तर वीट निघाली. शेतकरी म्हणाला, 'चाकाला उटी लावायला ठेवली होती.'

शेतकरी गरीब म्हणून प्रत्येक वेळी निर्दोष, असा सरसकट सूर नको.

पऱ्हाटी

वीट एक निघाली म्हून चार पिढ्या सांगून राह्यले. तुमच्या काट्यात दर गाडीले किती निघालं त्याचा हिशेब कोन सांगन?

पोपटपंची

🍿 (हे पॉपकॉर्न आहे, कापूस नाही. इन्स्पेक्टर साहेबांनी नोंद घ्यावी.)

बोल्टनकर

मी लँकेशायरमध्ये नोकरीला आहे, तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावरून थोडं लिहितो.

इथल्या म्हाताऱ्या लोकांकडून 'सुरत' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बरं वाटलं, कोणीतरी आपल्याकडचं गाव ओळखतंय म्हणून. मग कळलं की ती शिवी होती. मुंबईतून येणारा सगळाच कापूस, मग तो वऱ्हाडातला असो की धारवाडचा, इथे 'सुरत' म्हणूनच ओळखला जाई. धागा आखूड, कचरा फार, सूत सारखं तुटायचं. कामगारांना मजुरी कामाच्या मापावर, त्यामुळे तुटलेल्या प्रत्येक धाग्यामागे पोट कापलं जायचं. अमेरिकेच्या युद्धात गिरण्या बंद पडल्या तेव्हा प्रार्थनेला जमलेल्या मजुरांनी देवाकडे कापूस मागितला आणि वर 'पण सुरत नको' अशी भर टाकली, हा किस्सा इथे अजून सांगतात.

तेव्हा भेसळ ही केवळ साहेबाची तक्रार होती असं समजू नये. ती माती उपाशी विणकराच्या मागावरही पडत होती.

मीनल_द

हा कोन माझ्या डोक्यातच आला नव्हता.

कुळागर

अवांतर: बंदरात माल अडवून तपासायची हौस इंग्रजांची एकट्याची नव्हे हां. आमच्या गोंयात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच कार्ताझ सुरू केला. अरबी समुद्रात जहाज न्यायचं तर त्यांचा परवाना घ्या, ठरलेल्या बंदरात थांबा, जकात भरा, मग पुढे जा. परवाना नसला तर जहाजासकट माल जप्त. घोडे, मिरी, सगळ्यावर डोळा. भेसळ बघायला कोण बसलंय, पैसे मोजायला बसायचे.

जुनी_वही

आणि त्याच पाण्यात कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तकं द्यायला सुरुवात केली तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटलं. परवाना आपण दिला तर राज्य, दुसऱ्याने दिला तर चाचेगिरी.

कुळागर

अगदी. बरं, आता मूळ विषयाक येऊया, नाहीतर संपादक येतले.

संपादक

आलो आहे. चालू द्या, पण कापूस सोडू नका.

आडत_दुकान

बरं, मूळ विषयावर. शेतकऱ्याकडून थोडी, गावच्या सावकाराकडून थोडी अशी भेसळ होत असेल. पण मोठी लबाडी कुठे व्हायची हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. मिसळणीत. चांगल्या कापसात हलका कापूस. हे काम शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही, त्याच्याकडे एकाच जातीचा कापूस असतो. दोन जाती एकत्र आणायला वखार लागते, भांडवल लागतं. म्हणजे आम्हीच. बघा, मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय.

भडोचचा कापूस नावाजलेला, त्याला भाव जास्त. मग काठेवाडचा हलका माल तिकडे न्यायचा, त्यात घालायचा आणि 'भडोच' म्हणून विकायचा. आमच्याकडचा 'हिंगणघाट' तसाच. नाव मोठं झालं की हिंगणघाटचा कापूस पिकतो त्याच्या कितीतरी पट विकला जातो. देवगड हापूसचं आज जे चाललंय तेच.

पोपटपंची

देवगडची लोकसंख्या आणि देवगडच्या पेट्या यांचं गुणोत्तर काढा म्हणे कोणीतरी.

जुनी_वही

आडतसाहेब, खिलाडूपणाला दाद. धारवाडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथे १८४० च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या बियाण्याचा कापूस रुजला. त्याला करवतीचा रेचा, म्हणजे सरकी वेगळी काढायचं यंत्र, लागतो, म्हणून सरकारने धारवाडला रेच्यांचा कारखानाही काढला, डॉ. फोर्ब्स तिथे होते. विलायती जातीला भाव बरा मिळतो म्हटल्यावर त्यात देशी कुमठा कापूस मिसळून दोन्ही करवतीतून काढू लागले. एकदा करवतीतून निघाला की कोणता कुठला ते ओळखणं मुश्कील. म्हणजे सुधारणेसाठी आणलेलं यंत्रच भेसळीचं हत्यार झालं. पुढे हेच फोर्ब्स मुंबई सरकारचे कापूस कमिशनर झाले. बिचाऱ्यांना दोन्ही बाजू माहीत होत्या.

आणि मुंबईत मिसळण करणारे सगळे देशी होते असं मानू नका. कुलाब्यातल्या प्रेस, निर्यातीची घरं, यांत गोऱ्यांच्या पेढ्या भरपूर होत्या. गाठ शेवटची आवळली जायची ती तिथे. गावाकडून कापूस ढोकड्यातून, म्हणजे सैल बांधलेल्या गठ्ठ्यातून यायचा, मुंबईत तो फोडून, मिसळून, प्रेस करून त्याची पक्की गाठ व्हायची. आता सांगा, लिव्हरपूलला पोचलेल्या गाठीच्या पोटात काय आहे याला जबाबदार कोण? ढोकडा भरणारा की गाठ बांधणारा?

हार्बरवाला_सुधा

धागा काढला तेव्हा दोन-चार प्रतिसाद येतील असं वाटलं होतं. आभार सगळ्यांचे. 'ढोकडा' शब्द वाचून दचकलो, आजी कोणी लठ्ठ पाहुणा आला की हळूच म्हणायची, 'आला ढोकडा'. मला वाटायचं ढोकळ्यावरून असेल.

कारकून_निवृत्त

उशिरा आलोय. माझी सगळी नोकरी मुंबई बंदरात मालतपासणीत गेली. म्हणून एक उलटी बाजू मांडतो, जी वर कोणी काढली नाही.

कापूस इकडून गेला, भेसळीची बोंब झाली, मान्य. पण तिकडून काय आलं? मँचेस्टरचं कापड. त्यात खळ किती असायची माहीत आहे? कापूस महाग झाला तेव्हा गिरण्या सुतावर कॉर्नवॉलच्या खाणीतल्या चिनीमातीची खळ जास्तच चढवायला लागल्या. कापड जाड दिसतं, वजनाला भरतं, आणि पहिल्या धुण्यात अर्धं अंग नदीत सोडतं. बंदरात गाठी उघडल्या की बुरशीचा भपकारा यायचा, कारण खळीत पाणी धरून ठेवणारे क्षार घातलेले. त्या खळीच्या धुळीने आजारी पडतो म्हणून तिकडच्याच टॉडमॉर्डन गावच्या विणकरांनीच १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तक्रार केली आणि सरकारी डॉक्टरला चौकशी करावी लागली.

म्हणजे आम्ही त्यांना कापसातून हिंदुस्थानची माती पाठवली, त्यांनी आम्हाला कापडातून कॉर्नवॉलची.

पुढे १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला. थान कापडावर लांबी किती वार ते छापायचं, खोटी छाप असेल तर माल अडवायचा. ते काम कस्टम्सकडे. बंदरात थान उलगडून वारपट्टीने मोजायचे. माझ्या काळात तो कायदा जाऊन दुसरा आला होता, पण मालाची पारख करणारे जुने अप्रेझर 'तीस वार लिहिलंय म्हणजे अठ्ठावीस धर' असं चेष्टेत म्हणायचे.

पऱ्हाटी

हाण तिच्या! काका, तुमच्यासाठी एक गाडी साफ कापूस पाठवतो, पाचोळा येचून.

बोल्टनकर

कारकूनकाका, टोपी काढली. टॉडमॉर्डन माझ्यापासून फार लांब नाही. पुढच्या रविवारी तिकडे जाऊन कोणाला 'चायना क्ले' विचारून पाहतो, शिव्या बसल्या तर इथे कळवतो.

मीनल_द

एक अडाणी प्रश्न. गाठ उघडून इन्स्पेक्टरने पाहिली आणि कचरा निघाला. तो वाऱ्याने आला की हाताने, हे त्याला कळायचं कसं? कचऱ्यावर नाव थोडंच असतं?

जुनी_वही

मीनलताई, अडाणी कसला, सगळा कायदा याच दगडावर आपटला. गाठ फोडली तर कचरा दिसतो, लबाडी दिसत नाही. शिवाय प्रत्येक गाठ फोडणं शक्य नाही. फोडलेली गाठ पुन्हा बांधायला मजुरी, वेळ, आणि बंदरात जहाज भरतीच्या घाईत. बंदरावरचा तपासनीस साखळीचा शेवटचा हात पकडू शकतो. त्याच्या आधी सहा-सात हात होऊन गेलेले. शेतकरी, गावचा सावकार, रेचेवाला, बैलावर लादणारा लमाण, भडोचकडून गलबतातून आणणारा तांडेल, मुंबईचा मुकादम, दलाल. आणि प्रत्येकाला वजनाचे पैसे.

खरी ग्यानबाची मेख पऱ्हाटीभाऊंच्या पहिल्या प्रतिसादात आहे. साफ कापसाला गावात वेगळा भाव होता का? बहुतेक ठिकाणी नव्हता. पीक उभं असतानाच सावकाराने उचल दिलेली, भाव आधीच ठरलेला. पाचोळा वेचून काढायला बाईला दोन दिवस जास्त लागले तर त्या दोन दिवसांची मजुरी शेतकऱ्याने द्यायची आणि फायदा लिव्हरपूलला. कोण करणार? सरकारने इन्स्पेक्टर बसवला बंदरात, पण गावातला तो भाव कोणी हलवला नाही.

आडत_दुकान

इथे मी १०० टक्के सहमत. नाक मुठीत धरून.

पऱ्हाटी

आज बी तेच हाय भाऊ. ओलावा ८ टक्के पाह्यजे, त्याच्यावर गेला तं कपात, १२ च्या वर गेला तं गाडी वापस. मान्य हाय, नियम हाय. पण मागच्या वर्षी मी ७ चा कापूस नेला एका केंद्रावर, चांगला वाळवून. मले काय जास्त भेटलं? काहीच नाही. मंग बाजूवाला म्हने, 'तू उगाच पाणी उडवलं, तेवढं वजन गेलं तुह्यं.' खरं होतं त्याचं.

पोपटपंची

हे वाचून विनोद सुचला नाही. पहिल्यांदाच.

कोकणकडा

मग तो १८६३ चा कायदा गेला कसा? तीन दिवस वाचतोय, तेवढं कोणी सांगेना.

जुनी_वही

व्यापाऱ्यांनी घालवला. युद्ध १८६५ ला संपलं, भाव कोसळले, मुंबईत शेअरचा फुगा फुटला, कापूस-शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासकट अनेक जण बुडाले. आता गाठीमागची फी टोचू लागली. मुंबईचे व्यापारी, त्यात गोरेही, म्हणू लागले की आमचा माल आम्ही पारखून घेतो, सरकारने मध्ये पडू नये. मँचेस्टरवाले म्हणत कायदा हवाच. १८७० च्या दशकात चौकशी झाली, १८७८ ला सुधारून नवा कायदा केला आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तोही मोडीत निघाला.

दरम्यान एक गोष्ट कायद्याशिवाय बदलली होती. रेल्वे. भुसावळवरून नागपूरपर्यंत १८६७ ला रूळ पोचले, १८७० ला खामगावचा फाटा. मग निर्यातीच्या पेढ्यांनी आपले माणूस थेट खामगाव, अमरावती, हिंगणघाटच्या बाजारात बसवले आणि तिथेच जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे सरकी काढणं आणि गाठी बांधणं, सुरू केलं. गाठ आता मुंबईत नाही, वऱ्हाडात बांधली जाऊ लागली. मधले निम्मे हात गळाले. पाण्याची न् मातीची लबाडी कमी झाली ती त्यामुळे. मिसळण मात्र गेली नाही. जिनिंग जिथे, मिसळण तिथे. ती रोखायला १९२३ चा कायदा आला, हलका कापूस रेल्वेने चांगल्या कापसाच्या मुलखात नेण्यावरच बंदी घालता यावी म्हणून. आणि १९२५ ला जिनिंग-प्रेसिंगचा.

कारकून_निवृत्त

खंडीचं पण सांगा. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची. आज देशात सगळं किलोत आलं, पण रुईचा भाव अजून खंडीवर बोलतात, ३५६ किलोची. ७८४ पौंडांचे किलो करून पाहा. कायदे गेले, माप राहिलं.

पोपटपंची

केलं. ३५५.६ आलं. अर्धा किलो कोणीतरी मारला, इन्स्पेक्टरला बोलवा.

आडत_दुकान

उलट अर्धा किलो वाढवला आहे, विकणाऱ्याच्या खिशातून.

पऱ्हाटी

म्हंजे माह्याच.

हार्बरवाला_सुधा

चार दिवस गायब होतो. शनिवारी गावी जाऊन आलो. पाटी रॉकेलमध्ये भिजवून घासली. मुंबई इलाख्याच्या सरकारचं काही निघेल म्हणून उत्सुकता होती. निघालं ते असं: वर इंग्रजीत दोन अक्षरं, एक गोल, गोलात एक आकडा. खाली एक लांब चौकोनी भोक, रिकामं. बस. हे काय?

जुनी_वही

वा! सुधा, ही १८६३ ची नव्हे, पण तिची नात म्हणा. १९२५ च्या कायद्यात प्रत्येक प्रेसने प्रत्येक गाठीवर दोन गोष्टी घालणं सक्तीचं झालं: प्रेसला ठरवून दिलेली खूण आणि गाठीचा अनुक्रमांक. म्हणजे मुंबईत किंवा लिव्हरपूलला गाठ खराब निघाली तर कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसने बांधली ते कळावं. मीनलताईंनी विचारलं ना, कचऱ्यावर नाव थोडंच असतं? तर कचऱ्यावर नाही, गाठीवर नाव घालायला सरकारने साठ वर्षं घेतली, आणि ते घालायचं काम तुमच्या आजोबांकडे आलं.

खूण बदलत नाही म्हणून ती पाटीत कापलेली. अनुक्रमांक दर गाठीला बदलतो, म्हणून खाली रिकामा चौकोन. त्याच्यासाठी सुटे आकडे असणार. पत्र्याचेच. शोधा, घरात असतील.

हार्बरवाला_सुधा

अंगावर काटा आला. काकूला फोन लावला. तिला सकाळची गोळी घेतल्याचं आठवत नाही, पण हे आठवलं. म्हणाली, 'आकडे होते की डब्यात. पोरं त्यांनी भिंतीवर क्रिकेटचा स्कोअर रंगवायची. तो डबा भंगारात गेला.' पाटी मात्र तिने ठेवली, कारण तिच्यावर ती सांडगे वाळत घालायची. खालून हवा लागते म्हणे.

आणि मग स्वतःच हसायला लागली. डब्यातला आठचा पत्रा फार पूर्वीच हरवला होता. नवा मागवला तर पगारातून कापतील म्हणून आजोबा तीनचा पत्रा लावून रंग मारायचे, मग तोच उलटा करून त्याच्यावर पुन्हा मारायचे. तीन आणि उलटा तीन मिळून आठ. पूर्ण हंगाम असाच काढला.

पोपटपंची

म्हणजे भेसळ पकडायच्या आकड्यातच भेसळ. जुनीवही, लिहून घ्या.

जुनी_वही

लिहून घेतलं.

आडत_दुकान

आता कळलं, आमच्या पणजोबांच्या वहीत ३३ आणि ८३ चा घोळ कशाने असायचा.

मीनल_द

सुधा, पाटी रॉकेलमधून काढलीत ना, तर तेलाचा हात लावून ठेवा, नाहीतर आठवड्यात पुन्हा गंजेल. आणि फोटो!

हार्बरवाला_सुधा

लावलं तेल. फोटो चढत नाहीये, रात्री परत बघतो. काकू विचारतेय पाटी परत कधी आणतोस, सांडग्यांचे दिवस येतायत.